दूरच्या मंडळीचे पाळकत्व : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागड व त्यापलीकडची गावे काही दिवस तुटून राहतात. त्या दिवसांतही रविवार येतो. एखाद्या टोल्यावर चार ख्रिस्ती घरे आहेत आणि पाळकसाहेब अलीकडच्या तीरावर अडकले आहेत, तर त्या रविवारी उपासना होते का? झाली तर शास्त्रपाठ कोण वाचतो, प्रार्थना कोण चालवतो? त्याच आठवड्यात कुणी वारले तर कबरीजवळ उभे राहून शेवटची प्रार्थना कोण करतो? चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील मंडळीसेवेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने याच प्रश्नांपासून सुरुवात करावी.

पाळक एका ठिकाणी आणि मंडळी दुसऱ्या ठिकाणी असताना तिचे शिक्षण, सांत्वन, शिस्त आणि सहभागिता कशी जपायची, हा या क्षेत्राचा विषय आहे. २०२० साली तो अचानक सगळ्यांच्या तोंडी आला. मार्चअखेर टाळेबंदी लागली. १२ एप्रिलचा पुनरुत्थान दिन लोकांनी घरात, मोबाइलच्या पडद्यासमोर साजरा केला. महाराष्ट्रातली धर्मस्थळे १६ नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत खुली झाली. या दीड वर्षात मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांना जो अनुभव नवा वाटला, तो एटापल्ली किंवा कोरचीच्या मंडळ्यांचा नेहमीचाच होता. त्यांच्या वाट्याला पाळक महिन्यातून एखादे वेळी येत होते आणि पावसाळ्यात तेवढेही नाही. म्हणूनच या विषयावरचे बरेचसे नवे लेखन शहरातल्या पडद्याविषयी बोलत असताना, आपल्या वनप्रदेशाने त्याला एक जुना आणि अधिक खोल प्रश्न विचारावा, असे मला वाटते. पाळकाचा आवाज किती लांब पोहोचतो, यापेक्षा पाळक नसताना तिथले लोक एकत्र जमतात का, ही दूरस्थ सेवेची खरी कसोटी आहे. पुढचे सारे विवेचन या एका विधानाभोवती आहे.

हे विधान ख्रिस्ती परंपरेत नवे नाही. नव्या कराराचा मोठा भाग दूरस्थ सेवेतूनच जन्माला आला. पौलाने करिंथ, फिलिप्पै, कलस्सै येथील मंडळ्यांना पत्रे लिहिली, त्यांतली काही तर कैदेतून. त्या पत्रांकडे आपण सिद्धांताचे ग्रंथ म्हणून पाहतो, पण ती मंडळी चालवण्याची साधनेही होती. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी फिबी नावाच्या सेविकेची शिफारस आहे, आणि ते पत्र तिनेच नेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. तो आजारी पडून बरा झाल्यावर पौलाने त्याला परत पाठवले. कलस्सैकरांना पौल सांगतो की हे पत्र वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाऊ द्या. म्हणजे पत्रासोबत माणूस होता, पत्र मोठ्याने वाचणारे स्थानिक लोक होते आणि एका मंडळीचा दुसरीशी संबंध होता. योहानाच्या दोन लहान पत्रांत तर लिहिणारा वडील स्पष्ट सांगतो की शाई-कागदावर सगळे सांगण्यापेक्षा समोरासमोर भेटून बोलण्याची त्याची इच्छा आहे. पत्र भेटीची जागा घेत नाही. भेट होईपर्यंत ते मंडळीला धरून ठेवते. आजच्या प्रत्येक साधनाला हेच माप लावून पाहावे.

अंतरामुळे मंडळीची व्यवस्थाही बदलत आली आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेतल्या मेथडिस्टांना संस्कार देणारे कुणी उरले नव्हते. तेव्हा १७८४ साली जॉन वेस्लीने, स्वतः अँग्लिकन धर्मगुरू असूनही, तिकडच्या सेवेसाठी माणसांना दीक्षा दिली. त्या निर्णयावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, पण त्यामागचे कारण साधे होते : लोक होते आणि त्यांच्याजवळ कुणी नव्हते. १९१२ साली रोलंड ॲलनने मिशनच्या पद्धतींवरचे आपले गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले. पौल थोड्या काळात मंडळी उभी करून, स्थानिक वडील नेमून पुढे जात असे, मग आपले मिशनरी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच का बसून राहतात, असा त्याचा सवाल होता. त्याच वर्षी व्ही. एस. अझरायाह दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. गोदावरीच्या पलीकडच्या तेलुगू खेड्यांत त्यांचे काम गावोगावच्या शिक्षक-उपदेशकांच्या बळावर वाढले. सिरोंचाच्या घाटावर उभे राहिले की तो तेलुगू मुलूख समोर दिसतो, म्हणून आपल्या अभ्यासकाने अझरायाहांकडे शेजारी म्हणून पाहावे.

आपल्या बाजूचा इतिहासही अंतराशी झगडण्याचाच आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर भागात आले. शाळा, भूगर्भशास्त्र आणि गोंडांच्या भाषेचा व गीतांचा अभ्यास या तिन्हींत त्यांनी काम केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरच्या दक्षिणेला पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांनी जमवलेली गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन १८७० च्या दशकात सुरू झाले. तिथे दीर्घकाळ सेवा केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या आधीचे आणि नागपूरचे पहिले बिशप आयर चॅटर्टन यांनी १९१६ मध्ये गोंडवनाचा इतिहास सांगणारे पुस्तक लिहिले. दक्षिणेला सिरोंचा येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मेथडिस्टांचे केंद्र होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरलाच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन परंपरेतल्या मंडळ्या त्या ऐक्यात आल्या.

कॅथलिक बाजूची कथा वेगळी आणि या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. १९६२ मध्ये रोमने चांद्याचा प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे, विशेषतः सी.एम.आय. या कार्मेलाइट संघाकडे सोपवला. केरळबाहेर या चर्चला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. बल्लारपूर हे त्याचे केंद्र झाले आणि १९७७ मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत बनला. जानुआरिउस पालथुरुथी हे त्याचे पहिले बिशप. १९९९ मध्ये त्यातून आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा काढला. पेरियारच्या काठावरून आलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी मराठी शिकल्या, शाळा आणि दवाखाने चालवू लागल्या. पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतली त्यांची उपासनापद्धती वैनगंगेच्या खोऱ्यात आली. ज्यांची मायभूमी हजार-बाराशे किलोमीटरवर आहे, त्यांनी इथे मंडळी कशी रुजवली, त्यांचे स्थानिक कॅटेकिस्ट कसे घडले, याचा सविस्तर मराठी अभ्यास हे या क्षेत्रातले एक मोठे काम आहे.

आता भूमीकडे पाहू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. त्याच वर्षी चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ होती. चंद्रपूरला कोळसा, कागद आणि वीज यांमुळे शहरे वाढली. गडचिरोलीत मात्र रेल्वेशी ओळख म्हणजे वर्षानुवर्षे एकटे वडसा स्टेशन. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, आणि पूर्वेला इंद्रावती छत्तीसगडची सीमा आखते. नद्यांनी जोडलेला हा मुलूख पावसाळ्यात नद्यांनीच तोडला जातो.

भाषाही एक नाही. उत्तरेला झाडीबोली आणि छत्तीसगढी, दक्षिणेला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या लोकांची बंगाली, जंगलात गोंडी आणि माडिया. मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा. त्यामुळे नागपूरहून पाठवलेले मराठी प्रवचन भामरागडच्या आजीला ऐकू जाते, पण भिडतेच असे नाही. ज्यांची मातृभाषा लिहिण्या-वाचण्यात फारशी आलेली नाही, त्यांच्यापर्यंत वचन कानावाटेच पोहोचते. १९३९ मध्ये जॉय रिडरहॉफ यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या गॉस्पेल रेकॉर्डिंग्जने हीच गोष्ट ओळखून जगभरच्या लहान लहान भाषांत ध्वनिमुद्रणे केली. आपल्याकडे तर हे त्याहून जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले ते गोव्याच्या लोकांना ओवीत ऐकता यावे म्हणून, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते मोठ्याने वाचले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनेही खेड्यापाड्यांत पाळकाविना गायिली गेली. ज्या मंडळीला पाच भजने आणि प्रार्थना तोंडपाठ आहेत, तिचा रविवार नेटवर्कवर अवलंबून नसतो.

कालमानही समजून घ्यावे लागते. उपवासकाळ आणि पुनरुत्थान दिन मोहफुले वेचण्याच्या दिवसांत येतात. तेव्हा पहाटे अंधारातच घरेच्या घरे जंगलात जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा हिस्सा त्या थोड्या दिवसांत होतो. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीनंतर धानाची कापणी. शहरातल्या वेळापत्रकाने सकाळी नऊची ऑनलाइन उपासना ठेवली, तर ज्यांच्यासाठी ती ठेवली तेच लोक रानात असतात. अभ्यासकाने प्रथम गावाचे वर्ष शिकावे आणि मग उपासनेचे वर्ष त्यात बसवावे. कापणीच्या सणाला आपापल्या शेतातले धान घेऊन येणाऱ्या मंडळीला हे सांगावे लागत नाही, पण दुरून सेवा करणाऱ्याला ते सांगावेच लागते.

अंतरावर उपाय काय, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर याच जिल्ह्यात, पण मंडळीच्या बाहेर सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम उभे केले. नवजात बाळे दवाखान्यापर्यंत पोहोचण्याआधीच दगावत होती. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि घरीच उपचार करणे त्या शिकल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी ही पद्धत पुढे देशाबाहेरही स्वीकारली गेली. तिथे डॉक्टरांनी आपले ज्ञान गावातल्या माणसाच्या हाती दिले, त्याच्या कामावर नियमित देखरेख ठेवली आणि त्याच्यावर विश्वास टाकला. मंडळीतला वडील, महिला मंडळाची पुढारी, शब्बाथशाळेची शिक्षिका यांना आपण इतक्या गांभीर्याने घडवतो का, हे प्रत्येक पाळकाने स्वतःला विचारावे.

घडवण्याची पद्धतही उपलब्ध आहे. १९६३ मध्ये ग्वाटेमालाच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आले की शहरात येऊन शिकलेले विद्यार्थी गावी परतत नाहीत आणि गावचे खरे पुढारी शेती-संसार सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत. मग त्यांनी सेमिनरीच गावांकडे नेली. विद्यार्थ्याने घरी पाठ वाचायचे आणि ठरावीक दिवशी शिक्षकाने जवळच्या केंद्रावर येऊन चर्चा घ्यायची. विस्तारित धर्मशिक्षणाची ही चळवळ जगभर पसरली. भारतात बंगळुरूच्या 'टाफ्टी' या संस्थेने १९७१ पासून ती चालवली. या पद्धतीचा कणा आहे ती ठरावीक दिवसाची बैठक. पाठ छापील असो, ध्वनिमुद्रित असो की व्हॉट्सअॅपवर आलेला असो, त्यावर बसून बोलणारा गट नसेल तर शिक्षण अर्धेच राहते.

साधनांविषयी मी आशावादी आहे. रेडिओने दशकानुदशके एकाकी कुटुंबांना सोबत दिली. मोबाइलने त्याहून पुढचे काम केले : तो दोन्ही बाजूंनी बोलतो. आजारी माणसाशी रात्री बोलता येते, गावच्या वडिलांना रविवारच्या पाठावर शंका विचारता येतात, मुंबईला कामाला गेलेला मुलगा घरच्या प्रार्थनेत सामील होतो. पण साधन जितके सोपे, तितके धोके जवळ. दुरून येणारे चकचकीत प्रवचन स्थानिक वडिलांच्या साध्या बोलण्याला फिके पाडते, आणि पैसा पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल असे सांगणारे उपदेशकही त्याच फोनमधून येतात. घरातला फोन बहुधा पुरुषाच्या हाती असतो, त्यामुळे स्त्रियांचे दुःख गटावर येतच नाही. प्रार्थनेच्या विनंतीसोबत कुणाचा आजार, कुणाचे कौटुंबिक भांडण शंभर जणांना कळते. म्हणून दूरस्थ सेवेत गुप्तता, संमती, पैशाचा उघड हिशेब आणि पाळकावर देखरेख करणारी पंचांची समिती या गोष्टी जवळच्या सेवेपेक्षा जास्त काटेकोर हव्यात.

संस्कारांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि इथे वाचकाने घाई करू नये. २००२ मध्ये रोमच्या सामाजिक संपर्क परिषदेने इंटरनेटवरच्या आपल्या निवेदनात स्पष्ट केले की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. त्याआधी १९८८ मध्ये धर्मगुरू नसताना रविवारची उपासना कशी चालवावी, याची मार्गदर्शिका कॅथलिक चर्चने काढली होती. त्यामुळे कॅथलिक परंपरेत वाट स्पष्ट आहे : वचनाची उपासना गावात होऊ शकते, मिस्सा मात्र धर्मगुरूच्या उपस्थितीतच. प्रोटेस्टंट मंडळ्यांत टाळेबंदीच्या काळात मतभेद झाले. कुणी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस ठेवून पडद्यावरच्या पाळकासोबत प्रभुभोजन घेतले, तर कुणी भेट होईपर्यंत थांबणे पसंत केले. हायडी कॅम्पबेल यांच्यासारखे अभ्यासक धर्म आणि डिजिटल माध्यम यांच्या नात्यावर २००५ च्या सुमारापासून लिहीत आहेत, ते अवश्य वाचावे. माझे मत असे की भाकर मोडण्यात शेजाऱ्याचा हात असावा लागतो. तो शेजारी गावात असताना त्याला अधिकार न देता पडद्याकडे पाहणे हे उलटे आहे. ज्या मंडळ्यांच्या घटनेत वडिलांना असा अधिकार देता येतो, त्यांनी या प्रश्नावर गंभीर विचार करावा. निदान दफन, आजाऱ्याची प्रार्थना आणि शोकघरची भेट यांचा अधिकार व प्रशिक्षण तरी प्रत्येक टोल्यावरच्या एका स्त्रीला आणि एका पुरुषाला मिळालेच पाहिजे.

या प्रदेशात ख्रिस्ती लोक थोडे आहेत आणि त्यांचे शेजारी गोंड, माडिया, बौद्ध, हिंदू, मुस्लिम आहेत. जल, जंगल, जमीन आणि ग्रामसभा यांचे प्रश्न सर्वांचे सामाईक आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या सवयीमुळे. मंडळीच्या पंचांनीही तिथे जाऊन बसावे, शिकावे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून निघालेले वेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती सहकारी शामराव हिवाळे १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरच्या बिशपांशी एल्विन यांचे मतभेद झाले आणि पुढे त्यांनी धर्मगुरुपद सोडले. त्यांच्या साऱ्या निष्कर्षांशी आपण सहमत होऊ असे नाही. पण ज्यांची सेवा करायची त्यांच्यात आधी राहावे, त्यांची गाणी ऐकावीत, त्यांच्या श्रद्धांचा मान ठेवावा, हा धडा दुरून सेवा करणाऱ्याला सर्वांत जास्त लागू पडतो. प्रलोभन, दबाव आणि शेजाऱ्याच्या देवाची निंदा यांना ख्रिस्ती सहभागितेत जागा नाही. अंतर त्याची सबब होऊ शकत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने पौलाची पत्रे आणि ॲलन वाचावा, आणि त्यासोबत ग्रिग्सनचा १९३८ सालचा बस्तरच्या माडिया गोंडांवरचा ग्रंथ व फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचे आदिलाबादच्या राजगोंडांवरचे काम वाचावे. समाजशास्त्राच्या अभ्यासकाने मंडळ्यांच्या जुन्या वह्या शोधाव्यात : बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची नोंद आणि दानार्पणाचा हिशेब. कुणाच्या सहीने ती नोंद झाली, हे पाहिले की पाळक नसताना मंडळी कुणी चालवली ते कळते. त्या नोंदींत उपदेशकांची आणि बायबल शिकवणाऱ्या स्त्रियांची नावे मिळतील, ज्यांचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. वृद्ध वडिलांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित कराव्यात आणि एक प्रत त्यांच्या मंडळीला द्यावी.

आणि पाळकांना, सुवार्तिकांना, मोठ्या शहरांतून या वनप्रदेशाची सेवा करू इच्छिणाऱ्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. नवा कॅमेरा घेण्याआधी गावातला एक वडील आणि एक स्त्री-पुढारी निवडा, त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचला, त्यांच्या हाती उपासनेचे पुस्तक आणि अधिकार द्या, दर आठवड्याला त्यांच्याशी फोनवर बोला आणि वर्षातून किमान दोनदा, रोवणीआधी आणि कापणीनंतर, त्यांच्या घरी जाऊन मुक्काम करा.